आमेलबेर्गाच्या डोक्यावरचं आभाळ

९ ऑक्टोबर १६१३, बुधवार. गेंट

काल पहाटे कोर्त्रेकहून नावेत बसले ती आज दुपारी इथे पोचले. लेइ नदी इतकी संथ होती, की अंडं सोलून खाताना चिमटीतलं मीठसुद्धा सांडलं नाही. घाटावर बुटात चिखल गेला, एवढंच काय ते नुकसान. मी खूश आहे. असं लिहिताना लगेच भीती वाटते, की इतकं खूश असणं बरोबर आहे का. पण खरं आहे ते आहे.

बावीस वर्षांची झाले, तरी स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलंच काम. आजवर बाबांच्या चित्रांतली वस्त्रं, ढग आणि संतांचे पाय मी रंगवत आले. बाबांनीच घरी शिकवलं, अक्षरं आणि रंग एकाच टेबलावर. आता त्यांना दिसत नाही. म्हणून वालबुर्गाबाईंचं पत्र आलं तेव्हा त्यांनी उलट टपाली माझं नाव कळवलं.

दार पेरोनने उघडलं. ती इथली जुनी मोलकरीण, तीस वर्षं याच घरात. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग माझ्यामागे रस्त्यावर डोकावली आणि विचारलं, चित्रकार कुठे राहिला? मीच ती, म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं बाई, पुरुष चित्रकार फार खातात. मग मला स्वयंपाकघरात बसवून गाजर-मटणाचा रस्सा वाढला आणि तीनदा वाढला. मी तिला पेरोनमावशी म्हणू का विचारलं, तर म्हणाली, खाताना नको बोलूस, पोरी, ठसका लागेल.

वालबुर्गाबाई विधवा आहेत. पती योरिस तागाच्या कापडाचे व्यापारी होते. बाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी मला हात धरून खोली दाखवली. उत्तरेची खिडकी आहे. याहून जास्त काय हवं?

१० ऑक्टोबर

आज चित्र पाहिलं. देवळातल्या यांच्या घराण्याच्या वेदीवर असतं ते. ओल लागली म्हणून उतरवून घरी आणलंय. ओकच्या तीन फळ्या जोडलेल्या, उंची माझ्याएवढी. मधे क्रूसावरचा ख्रिस्त, खाली गुडघे टेकलेलं कुटुंब. डावीकडे योरिस आणि तीन मुलगे, उजवीकडे बाई आणि दोन मुली. सगळ्यांच्या मागे मोठं निळं आभाळ. बारा वर्षांपूर्वीच्या साथीत हे काढून घेतलं, तेव्हा सगळे जिवंत होते. आता योरिस, तिन्ही मुलगे आणि थोरली मुलगी गेली. रिवाजाप्रमाणे त्या पाचांच्या डोक्यावर आभाळात एकेक बोटभर तांबडा क्रूस आहे. बाईंच्या आणि धाकट्या आमेलबेर्गाच्या डोक्यावर मोकळं आभाळ.

ओलीने नेमका आमेलबेर्गाचा चेहरा खाल्लाय. चेहरा आणि जोडलेले हात, दोन्ही जागी नुसतं लाकूड दिसतं. माझं काम: काजळी पुसायची, उडालेला रंग भरायचा आणि आमेलबेर्गाचा चेहरा, ती आता दिसते तसा, नव्याने काढायचा. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सकाळी नऊला हमाल येऊन चित्र देवळात नेतील. तेवीस दिवस आहेत. पुरेत.

१२ ऑक्टोबर

शिळ्या पावाच्या गराने काजळी पुसते आहे. पाव काळा होतो आणि आभाळ उजळतं. पेरोन येऊन बघून गेली. म्हणाली, इतका पाव मी कोंबड्यांना घातला असता तर अंडी तरी मिळाली असती.

दुपारी आमेलबेर्गा समोर बसली. ती माझ्याच वयाची, गोरी, रुंद खांद्यांची. तिला स्थिर बसताच येत नाही. नाताळानंतर तिचं लग्न आहे, आउडेनार्डच्या लुबेर्तशी, मद्य गाळणाऱ्याचा मुलगा. हात जोड म्हटलं तर म्हणाली, लुबेर्तला माझ्या हातचं खावं लागणार आहे, मी त्याच्यासाठी प्रार्थना करतेय असं दाखव. मी हसले आणि मग मला वाटलं, पवित्र चित्रासमोर हसायला नको होतं. तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ती म्हणाली, लिव्हीना, तुला लांबून येताना पाहिलं की तुमचा पाद्री पोटदुखीचं सोंग घेत असेल.

तिचं खरं आहे. मला तिच्याबद्दल फार माया वाटू लागली आहे. मला बहीण नाही.

१६ ऑक्टोबर

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही. लिहिते.

आज पाच क्रूस साफ केले. ओल्या रंगावर दुसरा रंग लावला तर दोघांच्या कडा एकमेकांत शिरतात. सुकलेल्यावर लावला तर वरचा रंग वेगळा बसतो, नखाला कड लागते. हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. या क्रूसांना कड लागत नाही. तांबडा निळ्यात शिरलाय, काठाला जांभळट झालाय. म्हणजे आभाळ ओलं होतं तेव्हाच हे क्रूस काढले. सगळे पाचही. बारा वर्षांपूर्वी, एकाच आठवड्यात, माणसं जिवंत असताना.

धाकटा मुलगा तर दोनच वर्षांपूर्वी गेला.

भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. तसंच आहे. माझं चुकत असेल.

१८ ऑक्टोबर, संत लूकचा दिवस

आमच्या, चित्रकारांच्या संताचा दिवस. सकाळी देवळात मेणबत्ती लावली आणि प्रार्थना केली, की मला सरळ बघता येवो.

खिडकीतून तिरपा उजेड आला तेव्हा पाहिलं. प्रत्येक क्रूसाभोवती दुसऱ्या, राखाडी निळ्या रंगाची पुसट चौकट उरली आहे. म्हणजे क्रूस आधी होते, मग ते या निळ्याने झाकले आणि नंतर कोणीतरी झाकण खरवडून काढलं. चाकूच्या बारीक समांतर रेघा दिसतात.

मग वर पाहिलं. बाईंच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ, अखंड. आमेलबेर्गाच्या डोक्यावर तोच राखाडी निळा ठिपका, अंगठ्याएवढा. अजून झाकलेला.

जेवताना पेरोनला सहज विचारल्यासारखं विचारलं, हे कोणी काढलं होतं? ती मासा सोलत होती. म्हणाली, होता एक, ब्रुगेचा, फार खायचा. आणि काटा काढून माझ्या ताटात तुकडा ठेवला.

२० ऑक्टोबर, रविवार

कबुलीजबाब दिला. पाद्रीबाबा म्हणाले, पुराव्याशिवाय शेजाऱ्यावर संशय घेणं हे पाप आहे, आणि तुझ्याजवळ काय आहे तर रंगाचा काठ. सात स्तोत्रं म्हणायला सांगितली. नऊ म्हटली. मन हलकं झालं. बाई खोकताहेत, दोन दिवस झाले. पेरोन म्हणते, दर दोनेक वर्षांनी हा खोकला येतो आणि जातो.

आमेलबेर्गाच्या गालाची रेघ आज नीट आली. उद्या डोळे.

२२ ऑक्टोबर

डोळे झाले नाहीत. आमेलबेर्गा आज आली नाही, पोटात ढवळतंय म्हणाली. मी एकटीच काम करत होते. चित्राच्या चौकटीच्या खालच्या पट्टीवर धूळ दिसली. बोटावर घेतली. निळी. राखाडी निळी.

वर पाहिलं. ठिपक्याचा अर्धा भाग खरवडलेला आहे. आतून तांबडं दिसतं.

बाईंनी सकाळी रुमालात रक्त टाकलं. त्या अंथरुणातच आहेत. खरवडायला त्या आल्या नसणार. मग कोण?

२४ ऑक्टोबर

संपूर्ण क्रूस उघडा पडला आहे. आमेलबेर्गाला ताप आहे, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही.

मी पेरोनला गाठलं. ती परसात कोंबडी साफ करत होती. मला वाटलं होतं नाकारील. नाकारलं नाही. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

साथीच्या वर्षी बाई मरायला टेकल्या होत्या. मालक चित्रकाराच्या खोलीत चित्रासमोर गुडघ्यावर पडले आणि म्हणाले, देवा, या घरातलं कोणीही ने, फक्त हिला राहू दे. पेरोन दारात होती, तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाई उठून बसल्या आणि आभाळात सहा क्रूस होते. चित्रकार शपथेवर सांगत होता, की ते त्याने काढले नाहीत. मालकांनी त्याच्याकडून ते झाकून घेतले आणि त्याला घालवून दिलं. तेव्हापासून बाई आजारी पडल्या, की एक झाकण फुगतं, तडकतं. मग तो माणूस जातो. मग बाई बऱ्या होतात.

मी विचारलं, आणि खरवडतं कोण? ती म्हणाली, मी. सुटलेलंच असतं गं पोरी, मी उरलेलं काढते. यायचं ते लवकर येऊ दे. माझ्या बाईचे हाल मला बघवत नाहीत.

मी म्हटलं, मावशी, आमेलबेर्गाला तुम्ही मांडीवर वाढवलंत. ती पिसं उपटत राहिली. म्हणाली, पाचही जणांना वाढवलं.

२५ ऑक्टोबर

चित्र माणूस मारत नाही. माणूस माणसाला मारतो. मी असा विचार करते आहे आणि हे पाप असेल तर असो.

आमेलबेर्गाला रोज केशर घातलेली तांदळाची खीर कोण नेऊन देतं? पेरोन. माझ्या पेटीत हरताळाची पुडी आहे. केशरासारखाच पिवळा रंग, आणि विष. माझी पेटी दिवसभर उघडी असते. पेरोन खोलीत येते-जाते.

आज खीर मी स्वतः नेते म्हणाले. जिन्यात खिडकीतून ओतून दिली. आमेलबेर्गाला फक्त माझ्या हातचं पाणी दिलं. बाईंना सांगितलं. त्या खोकत होत्या. म्हणाल्या, पेरोनवर बोट ठेवशील तर उद्याच्या नावेने परत जाशील. म्हणून गप्प बसले. मी गेले तर तिच्याजवळ कोण राहील?

२६ ऑक्टोबर

क्रूस खरवडला. लाकूड दिसेपर्यंत. त्यावर पांढरा सफेता, त्यावर चांगला निळा, दोन थर.

आमेलबेर्गा विचारते, माझा चेहरा झाला का? अगं, होतोय म्हणाले. ती म्हणाली, गाल भरलेले काढ हं, लुबेर्तला हाडं आवडत नाहीत. तिचे गाल आता तसे नाहीत.

२७ ऑक्टोबर

सकाळी पाहिलं. तांबडा वर आला आहे. माझ्या निळ्यातून. काठाला जांभळट. ओल्यात ओला मिसळावा तसा.

खोलीला आतून कडी होती, मी आतच झोपले होते. खिडकी बंद. पेरोन आत येऊच शकत नव्हती.

२८ ऑक्टोबर

पाच दिवस उरले. चेहरा पुरा व्हायलाच हवा. आमेलबेर्गा बसू शकत नाही. बाबा अशा वेळी जे करायचे तेच केलं. आरसा टेबलावर उभा केला, हात जोडले, आणि स्वतःकडे बघून डोळे, नाक, ओठ, बोटं उतरवली. आरशात बघून काढलेलं नंतर खऱ्या माणसावरून सुधारता येतं. सगळे असंच करतात. संध्याकाळपर्यंत चेहरा झाला. हात चांगले आले आहेत. असं वाटणं हा गर्व आहे का, ते आज विचारात घेत नाही.

२९ ऑक्टोबर

आमेलबेर्गाचा ताप उतरला.

पहाटे तिने भाकर मागितली. मी तिच्या हातात दिली आणि रडले. म्हणजे माझं बरोबर होतं, खीर बंद केली म्हणून. मनात म्हटलं, बघा पाद्रीबाबा.

दुपारी पेरोन चित्रासमोर येऊन उभी राहिली. मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. म्हणाली, ही तर तूच की गं, पोरी. आणि डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून निघून गेली. जाताना माझ्या गालाला हात लावला.

३० ऑक्टोबर

मला सकाळपासून ढवळतंय.

आलं लक्षात. काल रात्रीच्या जेवणात पेरोनने विष कालवलं असणार. ती मला बाजूला करते आहे, म्हणजे पुन्हा आमेलबेर्गाकडे वळता येईल. आजपासून या स्वयंपाकघरातलं काही खायचं नाही. बाजारातून अंडी आणली. माझ्या खोलीतल्या शेगडीवर उकडते. कवच मीच फोडते. पाणी विहिरीतून मीच काढते.

३१ ऑक्टोबर

ताप. दोन अंडी खाल्ली, दोन्ही उलटून पडली.

हरताळाची पुडी काढली. बाबा दोऱ्याची एक गाठ मारतात, उलटी, ती फक्त आम्हा दोघांना मारता येते. गाठ तशीच आहे. लाखही फुटलेली नाही. कोर्त्रेकहून निघाल्यापासून ती पुडी कोणी उघडलेली नाही.

पेरोनने काही केलेलं नाही. मी सहा दिवस एका म्हाताऱ्या बाईला खुनी समजत होते. आणि जिन्यातल्या खिडकीतून ओतलेली खीर — ती चांगली होती —

मग मला काय झालंय?

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण

आरशात पाहिलं. मग चित्रात पाहिलं. मग क्रूसाकडे.

क्रूस चित्रातल्या त्या मुलीच्या डोक्यावर आहे. ती मुलगी म्हणजे आता मी. एवढं साधं. पेरोनला बघताक्षणी कळलं. मी स्वतः काढलं आणि मला —

बाईंचा खोकला कमी आहे. आज अंथरुणातून उठल्या, खुर्चीत बसल्या.

आमेलबेर्गा वर आली होती. दोन जिने चढून. गाल अजून बसलेले, पण डोळे — तिने लग्नाचे जोडे दाखवले. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, तू माझं आजारपण घेतलंस वाटतं, वेडे, लुबेर्तच्या वडिलांना सांगते एक पिंप पाठवा हिच्यासाठी. ती चित्राकडे वळणार तोच मी त्यावर कापड टाकलं.

तिला सांगितलं तर ती म्हणेल, माझा चेहरा काढ. ती तशीच आहे. म्हणून सांगत नाही. का — ती तसं म्हणेल म्हणून, की म्हणणार नाही म्हणून —

पाद्रीबाबांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, सण आहे, येता येणार नाही.

२ नोव्हेंबर

आठची घंटा झाली. हमाल नऊला.

रात्रभर रक्त. आता पोटात काही उरलेलं नाही, म्हणून हात स्थिर आहे.

तिचे डोळे करडे. माझे तपकिरी. चेहरा तसा कोणाचाही म्हणून चालून जाईल, बोटंही. दोन बुबुळं बदलली, की ही पुन्हा आमेलबेर्गा. करडा रंग घोटून ठेवला आहे. जवसाचं तेल थोडं जास्त झालं. चालेल.

मला सांगितलेलं काम तेवढंच होतं. तिचा चेहरा काढ. दुसऱ्याचा चेहरा लावून चित्र देवळात पाठवायचं, म्हणजे वेदीवर खोटं ठेवायचं. ते पाप आहे. हे नाही. हे नुसतं दुरुस्त करणं —

बाबांना माझ्याशिवाय कोणी नाही. हेही खरं आहे.

तिला लुबेर्त आहे. हेही.

खाली ती पेरोनला जोडे घालून चालून दाखवते आहे. पेरोन म्हणते, बदकासारखी चालतेस, आमेले. ती हसते. टाचा फरशीवर वाजतात. पुन्हा हसते. इतकी मोठ्याने, की बाईही हसल्या.

कुंचला घेतला. फक्त बघते, रंग बरोबर जमलाय का —

जमलाय.

डावा डोळा झाला. खाली टाचा वाजायच्या थांबल्या —